आधी सात, मग शून्य

प्रश्न : ‘सर, आमचं बार्शीत मेडिकल आहे. बिलं कॉम्प्युटरवरच होतात. मागे एकदा हार्ड डिस्क गेली तेव्हा फार हाल झाले, म्हणून माझ्या भाच्याने एक बॅच फाइल करून दिली. ती दर तासाला बिलांचा फोल्डर बाहेरून लावलेल्या दुसऱ्या डिस्कवर उतरवते. काम चांगलं आहे, पण दर तासाला स्क्रीनवर काळी खिडकी उघडते. काउंटरवर गर्दी असते, मी औषधाचा बॅच नंबर टाइप करत असते आणि निम्मा नंबर त्या खिडकीत जातो. दुकानातला मुलगा तर “व्हायरस आला” म्हणून फुली मारून मोकळा होतो. भाचा आता पुण्यात नोकरीला आहे. फोनवर म्हणतो, “मावशी, मिनिमाइज कर.” दर तासाला कोण करणार? फाइलीत सगळ्यात वर “@इको ऑफ” लिहिलेलं आहे, तरी खिडकी येतेच. ती कायमची दिसेनाशी करायचा काही उपाय आहे का?’

ताई, उपाय आहे आणि तो दोन ओळींचा आहे. पण तो आज रात्री करू नका, आठ दिवस थांबा. का थांबायचं ते सांगतो, पण त्याआधी तुमच्या दुकानातल्या मुलाची बाजू घेतो. अचानक उघडणारी, काही न बोलणारी काळी खिडकी कोणीही बंद करेल. त्याला कोणी काही सांगितलेलंच नाही, तर त्याचं काय चुकलं?

फुली मारली की खिडकीबरोबर आतलं कामही तिथल्या तिथे मरतं, हे तुम्हाला माहीत असेल. पण यापेक्षा गुपचूप होणारा एक घोटाळा आहे. विंडोज १० मध्ये त्या काळ्या भागावर कुठेही माउसचं एक क्लिक झालं, तर खिडकीला वाटतं तुम्हाला मजकूर निवडायचा आहे. वरच्या पट्टीत नावाच्या आधी ‘सिलेक्ट’ असा शब्द येतो आणि नक्कल तिथेच गोठते. खिडकी उघडी, कॉम्प्युटर सुरू, आणि काम थांबलेलं. एंटर किंवा एस्केप दाबेपर्यंत ते तसंच राहतं. तेव्हा ही खिडकी गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरवर दिसू नये, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे.

आता ‘@इको ऑफ’बद्दल. तुमच्या धंद्यात बॅच म्हणजे एका वेळी बनलेल्या गोळ्या, आमच्यात बॅच म्हणजे एका वेळी चालवलेल्या आज्ञा. स्वयंपाकघरातला घाणा म्हणा ना. एकेक आज्ञा हाताने टाइप करण्याऐवजी सगळ्या एकदम कढईत सोडायच्या. ‘@इको ऑफ’ एवढंच सांगतं की प्रत्येक आज्ञा चालवण्याआधी ती पडद्यावर लिहून दाखवू नकोस. खिडकीशी त्या ओळीचा काही संबंध नाही.

खिडकी येते ती वेगळ्याच कारणाने. विंडोजमधल्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या माथ्यावर एक खूण असते : हा खिडक्यांवाला की कंसोलवाला, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर चालणारा. बॅच फाइल चालवणारा सीएमडी हा कंसोलवाला. असा प्रोग्रॅम सुरू करताना विंडोज आधी त्याला खिडकी देतं आणि मग त्याचं काम सुरू होतं. तुमच्या फाइलीतली पहिली ओळ वाचली जाते तेव्हा खिडकी केव्हाच उघडलेली असते. म्हणजे फाइलीच्या आत काहीही लिहिलं, तरी खिडकी सुरुवातीपासून लपवता येत नाही. ती लपवायची तर फाइल सुरू करणाऱ्यानेच तसं सांगायला हवं. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

भाच्याचा सल्लाही चुकीचा नाही, फक्त त्याने तो अर्धवट सांगितला. मिनिमाइज हाताने करायचं नसतं. बॅच फाइलीचा शॉर्टकट करायचा, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रन’ नावाचा रकाना असतो, तिथे ‘मिनिमाइज्ड’ निवडायचं. मग खिडकी थेट खालच्या पट्टीत उघडते आणि तुमचा कर्सर बिलातच राहतो. त्या रकान्यात तीनच पर्याय आहेत : नेहमीची, खाली सारलेली आणि पडदाभर. ‘अदृश्य’ हा चौथा पर्याय विंडोजने तिथे दिलेला नाही. शिवाय शॉर्टकट आपण उघडतो तेव्हाच कामाला येतो. तुमची फाइल दर तासाला टास्क शेड्युलर, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणारा विंडोजचा प्रोग्रॅम, उघडतो, आणि तिथे शॉर्टकट निवडला तरी तो त्यामागची मूळ फाइलच धरतो. ‘मिनिमाइज्ड’ची सूचना वाटेत गळून पडते.

यावर लोक ‘स्टार्ट /मिन’ ही आज्ञा सुचवतात. ती चालते, पण तिच्यात दोन खोड्या आहेत. अवतरणचिन्हांत दिलेली पहिली गोष्ट ती खिडकीचं नाव समजते, म्हणून फाइलीच्या पत्त्याआधी रिकामी अवतरणं द्यावी लागतात. आणि बॅच फाइल तिला थेट दिली, तर काम संपल्यावर खिडकी खालच्या पट्टीत तशीच उरते. म्हणून पूर्ण आज्ञा अशी : स्टार्ट "" /मिन सीएमडी /सी "डी:\नक्कल\बिल.बॅट". (आज्ञा इथे देवनागरीत छापतो आहे. तुम्ही त्या इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. फाइलींची आणि फोल्डरांची नावं नमुन्याची आहेत.) तरीही शेड्युलरमधून ही आज्ञा द्यायला आधी एक सीएमडी उघडावाच लागतो, आणि त्याची खिडकी क्षणभर लुकलुकते. त्या क्षणात बॅच नंबरचं एखादं अक्षर जाऊ शकतं. ‘/मिन’ऐवजी ‘/बी’ लिहा असंही कोणी सांगेल. ते ऐकू नका. ‘/बी’ म्हणजे नवी खिडकी न उघडता आहे त्याच खिडकीत काम सुरू करणं, लपवणं नव्हे. पॉवरशेलला, म्हणजे सीएमडीच्या धाकट्या भावाला, ‘विंडोस्टाइल हिडन’ सांगूनही लुकलुकणं राहतंच, कारण पॉवरशेलही जातीने कंसोलवालाच.

लुकलुकण्यावाचून काम हवं असेल, तर सुरू करणारा बिनखिडकीचा हवा. असा एक जुना गडी विंडोजमध्ये आहे, डब्ल्यूस्क्रिप्ट. तो व्हीबीस्क्रिप्ट या विंडोजच्या जुन्या आज्ञाभाषेतल्या फाइली चालवतो आणि स्वतः कुठलीही खिडकी उघडत नाही. त्याच्याकडून दुसरा प्रोग्रॅम चालवून घेताना आपण एक आकडा देतो आणि खिडकीचं काय करायचं ते त्या आकड्यावर ठरतं. १ म्हणजे नेहमीची खिडकी. ७ म्हणजे खाली सारलेली, तुमच्या हातातल्या कामाला धक्का न लावता. ० म्हणजे अजिबात नाही.

तुम्हाला हवाय तो हा शून्य. आता आठ दिवस का थांबायचं ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या कार्यालयात मी हेच केलं होतं. फायलींची नक्कल एक्सकॉपी या आज्ञेने व्हायची, खिडकी शून्याने लपवलेली, सगळे खूश. मग कधीतरी त्यांनी नक्कल ठेवायची डिस्क बदलली. नव्या डिस्कवर तो फोल्डर नव्हता. अशा वेळी एक्सकॉपी विचारते, ‘या नावाची फाइल करू की फोल्डर? एफ की डी?’ आणि उत्तराची वाट बघत बसते. खिडकी दिसत असती तर कोणीही डी दाबलं असतं. पण ती मीच लपवली होती. तीन आठवड्यांनी एकाला जुनं पत्र हवं झालं, तेव्हा नवी डिस्क उघडली. कोरी करकरीत. टास्क मॅनेजर उघडला तर सीएमडीची ही रांग! दर तासाचा एकेक जण आपला प्रश्न घेऊन निमूट उभा होता. शेड्युलर मात्र रोज ‘काम यशस्वी’ लिहीत होता. कारण मी लपवणाऱ्या फाइलीला काम संपेपर्यंत थांबायला सांगितलंच नव्हतं. ती सीएमडीला सुरू करून द्यायची आणि स्वतः निघून जायची.

म्हणून लपवायच्या आधी फाइलीची तोंडी परीक्षा घ्या. भाच्याची फाइल नोटपॅडमध्ये उघडा. शेवटी ‘पॉज’ असेल तर काढा. ‘पुढे जाण्यासाठी कुठलीही कळ दाबा’ म्हणणारी ती ओळ अदृश्य खिडकीत जन्मभर थांबते. ‘एक्सकॉपी’ असेल तर तिच्या जागी ‘रोबोकॉपी’ घ्या. ती विंडोज व्हिस्टापासून प्रत्येक विंडोजमध्ये आहे आणि असले प्रश्न विचारत नाही. पण तिचाही एक हट्ट आहे. एखादी फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमने अडवून ठेवली असेल, तर ती ३० सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करते, आणि असे प्रयत्न किती करायचे याचा मूळ आकडा आहे १० लाख. गणित करा, ३० सेकंद गुणिले १० लाख म्हणजे जवळजवळ साडेअकरा महिने एका फाइलीसाठी! तो आकडा कमी करावाच लागतो.

तुमच्या बॅच फाइलीत मग एवढंच उरतं :

@इको ऑफ
रोबोकॉपी "सी:\बिल" "एफ:\बिल" /ई /आर:२ /डब्ल्यू:५ /एनपी /लॉग+:डी:\नक्कल\नोंद.टीएक्सटी
इफ %एररलेव्हल% जीईक्यू ८ एक्झिट १
एक्झिट ०

‘/ई’ म्हणजे आतले फोल्डरही घे. ‘/आर:२ /डब्ल्यू:५’ म्हणजे दोनदाच प्रयत्न कर, मध्ये पाच सेकंद थांब. ‘/एनपी’मुळे नोंदीत टक्केवारीची भाऊगर्दी होत नाही. ‘/लॉग+’मुळे प्रत्येक वेळी सुरू कधी झालं, संपलं कधी, किती फाइली गेल्या, किती अडल्या हे त्या नोंद फाइलीत खाली खाली जमत जातं. अधिकचं चिन्ह विसरलात तर मात्र दर तासाला जुनी नोंद पुसली जाते. शेवटच्या दोन ओळी कशाला? रोबोकॉपीचा स्वभाव सरळ नाही. काही नवं नव्हतं तर ती ० सांगते, फाइली उतरवल्या तर १ सांगते, आणि ७ पर्यंतचे सगळे आकडे ‘ठीक आहे’ या अर्थाचे. ८ आणि पुढे म्हणजे घोटाळा. शेड्युलरला हे कळत नाही, म्हणून आपण भाषांतर करून देतो.

या ओळीत कोणी ‘/एमआयआर’ घालायला सांगितलं तर घालू नका. ती नकलेला मूळ फोल्डरची तंतोतंत सावली करते. म्हणजे मूळ फोल्डरमधून एखादी फाइल चुकून पुसली गेली, तर तासाभरात नकलेतूनही पुसली जाईल. एच-वन यादीतल्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या काही औषधांची नोंद तुम्हाला तीन वर्षं ठेवावी लागते, तिथे ही सावली परवडणारी नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो, कारण खिडकीपेक्षा ती महत्त्वाची आहे. बिलिंग सॉफ्टवेअर चालू असताना त्याचा फोल्डर जसाच्या तसा उचलणं हे उकळत्या दुधावरची साय काढण्यासारखं आहे, हाती काय येईल सांगता येत नाही. माहिती लिहिली जात असतानाच नक्कल झाली, तर फाइल दिसायला पूर्ण आणि आतून अर्धवट निघू शकते. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचा बॅकअप घ्यायची सोय असेल, आणि बहुतेकांत ती असते, तर दुपारी दुकान मिटताना आणि रात्री ती वापरा. तिने केलेली बॅकअपची फाइल या बॅच फाइलीने दुसऱ्या डिस्कवर न्यायची. दर तासाचा सोस सोडलात तरी चालेल.

आता लपवणारी फाइल. नोटपॅडमध्ये या दोन ओळी लिहा आणि ‘चालव.व्हीबीएस’ अशा नावाने ठेवा :

कोड = क्रिएटऑब्जेक्ट("डब्ल्यूस्क्रिप्ट.शेल").रन("डी:\नक्कल\बिल.बॅट", ७, ट्रू)
इफ कोड <> ० देन एमएसजीबॉक्स "बिलांची नक्कल झाली नाही. बाहेरची डिस्क लावलेली आहे का बघा."

पहिल्या ओळीच्या शेवटचं ‘ट्रू’ म्हणजे काम पूर्ण होईपर्यंत थांब. माझी तीन आठवड्यांची शोभा याच एका शब्दाने झाली होती, मी तिथे ‘फॉल्स’ लिहिलं होतं. दुसरी ओळ माझी लाडकी. सगळं सुरळीत असेल तर ती गप्प राहते, बिनसलं तरच पडद्यावर चौकट येते आणि तीही मराठीत. त्यासाठी फाइल सेव्ह करताना नोटपॅडमध्ये खाली ‘एन्कोडिंग’च्या यादीत ‘यूटीएफ-१६ एलई’ निवडा. नाहीतर मराठी अक्षरांच्या जागी किडेमुंगळे दिसतील. बॅच फाइलीचं उलटं आहे, ती नेहमीच्या ‘यूटीएफ-८’मध्येच ठेवायची. तुमच्या फोल्डरचं नाव देवनागरीत असेल, तर तिच्यात ‘@इको ऑफ’च्या खाली ‘सीएचसीपी ६५००१’ ही ओळ घाला, म्हणजे सीएमडीला ते नाव वाचता येतं. मी तर म्हणेन की या कामापुरती नावं इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता ठेवा. मराठीवर माझं प्रेम आहे, पण सीएमडीचं नाही.

शेड्युलरमध्ये तुमचं आधीचं काम उघडा, ‘ॲक्शन्स’मध्ये जा आणि ‘प्रोग्रॅम’च्या रकान्यात बॅच फाइलीऐवजी ‘डब्ल्यूस्क्रिप्ट.ईएक्सई’ लिहा. खालच्या ‘आर्ग्युमेंट्स’च्या रकान्यात ‘चालव.व्हीबीएस’चा पूर्ण पत्ता द्या. नुसतं नाव देऊन चालणार नाही, कारण शेड्युलर आपलं काम विंडोजच्या ‘सिस्टम३२’ फोल्डरात उभा राहून करतो. तुमची फाइल तो तिथे शोधेल आणि त्याला ती सापडणार नाही.

तिथेच पहिल्या पानावर ‘हिडन’ नावाचा एक चौकोन दिसेल. त्यावर टिचकी मारून फार लोक फसतात. त्याने शेड्युलरच्या यादीतलं ते काम लपतं, खिडकी नाही. जवळच आणखी एक पर्याय आहे, ‘वापरणारा लॉग-ऑन असो वा नसो, चालव’ अशा अर्थाचा. तो निवडला तर खिडकी खरोखरच दिसत नाही, कारण विंडोज ते काम एका वेगळ्या दालनात चालवतं, जिथे पडदाच नाही. व्हिस्टापासून ही व्यवस्था आहे. पण त्याला तुमच्या खात्याचा पासवर्ड द्यावा लागतो, आणि रिकामा पासवर्ड विंडोज अशा कामासाठी सहसा मान्य करत नाही. दुकानातल्या किती कॉम्प्युटरना पासवर्ड असतो, तुम्हीच सांगा! शिवाय नेटवर्कवरचं ड्राइव्ह ‘झेड’ वगैरे अक्षर देऊन जोडलेलं असेल तर ते त्या दालनात दिसत नाही. आणि आपली मराठी चौकट तिथे उघडली तरी दिसणार कोणाला? ती बंद करायला कोणी नाही, म्हणून काम तिथेच अडकेल. तेव्हा तुमच्यासाठी ‘लॉग-ऑन असतानाच चालव’ हाच पर्याय बरा.

एवढं झालं की आठवडाभर ७ वर चालू द्या. खिडकी खालच्या पट्टीत येईल, काम करेल, निघून जाईल. टायपिंग अडणार नाही, लुकलुकणार नाही. या आठ दिवसांत रोज रात्री नोंद फाइल उघडून शेवटचा उतारा वाचा. एकदा मुद्दाम बाहेरची डिस्क काढून ठेवा आणि मराठी चौकट येते का पाहा. एकदा नक्कल केलेली फाइल उघडून आतली बिलं दिसतात का तेही पाहा. खाली एखादी खिडकी तासभर हलेना, तर तिच्यावर क्लिक करून वाचा, तिला काहीतरी विचारायचं आहे. तो प्रश्न आत्ताच दिसणं बरं. आठ दिवस सुरळीत गेले की ७ च्या जागी ० लिहा.

अँटीव्हायरस कुरकुरला तर घाबरू नका, पण त्याला दोषही देऊ नका. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ अशा विषयाची ईमेल जगभर पसरली होती, तिच्यासोबतचं प्रेमपत्र म्हणजे अशीच एक व्हीबीस्क्रिप्टची फाइल होती. तेव्हापासून या घराण्यावर पोलिसांची नजर आहे. तुम्ही फक्त तेवढ्या एका फाइलीला सूट द्या, अँटीव्हायरस बंद करू नका. आणि ‘बॅच फाइलीची ईएक्सई करून देतो, खिडकी आपोआप जाते’ म्हणणारी फुकट साधनं उतरवू नका. त्यांनी बनवलेल्या फाइलींवर अँटीव्हायरस जास्तच उखडतो, आणि आत आणखी काय भरलं आहे ते आपल्याला दिसत नाही.

मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हीबीस्क्रिप्टला निवृत्तीची नोटीस दिली आहे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत ती ऐच्छिक सोय म्हणून आहे, पण सुरू अवस्थेतच मिळते. पुढे ती आधी बंद अवस्थेत येईल आणि मग काढली जाईल. त्या दिवशी तुमची नक्कल बंद पडेल, आणि मराठी चौकटही येणार नाही, कारण चौकट दाखवणाराच गेलेला असेल. म्हणून विंडोजचं मोठं अपडेट झालं की दुसऱ्या दिवशी नोंद फाइलीतली तारीख बघायची. तेव्हा कॉम्प्युटरला पासवर्ड लावून, बॅच फाइल थेट देऊन, तो बिनपडद्याच्या दालनाचा पर्याय घेता येईल. भाच्याला दिवाळीत घरी आल्यावर हे काम लावून द्या.

आणि दुकानातल्या मुलाला आज संध्याकाळीच सगळं दाखवा. खिडकी नाहीशी झाली म्हणजे त्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला. मग मागे लावलेल्या त्या डिस्कचा दिवा मध्येच का लुकलुकतो हे त्याला कळणार नाही, आणि मोबाइल चार्ज करायला जागा हवी म्हणून तो तिचीच वायर काढेल.